पुढच्या सीटवरची नवलं

माझ्या जीपमध्ये पुढची सीट म्हणजे मानाची जागा. म्हसावदहून धडगावला जाताना मागे माणसं कशी बसतात ते विचारू नका. कोंबड्या, खताच्या गोण्या, लेकुरवाळ्या बाया, सगळं एकात एक. पुढं मात्र मी माणूस पारखून बसवायचो. त्या सीटवर एका शनिवारी दुपारी रिना येऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी सुरू व्हायच्या आत म्हणाली, "दादा, फुलपाखरू पायानं चव घेतं, माहीत आहे का?"

"मॅडम, मला एवढंच माहीत आहे की घाटात ड्रायव्हरचं डोकं खायचं नसतं," मी म्हणालो.

ती गप्प बसली. पण कुठवर? दोन वळणं गेली आणि पुन्हा सुरू. "घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत. म्हणून बिचारं अख्खी मान फिरवतं." मी तापट माणूस आहे. घाटात समोरून कोणी वेडीवाकडी गाडी घातली तर खाली उतरून भांडतो. पण तिनं ते घुबडासारखी मान वळवून सांगितलं आणि मला हसू आलं. तिथंच माझं बिघडलं, आता कळतंय.

रिना म्हसावदजवळच्या एका आश्रमशाळेत तासिकेवर विज्ञान शिकवायची. शनिवारी अर्धी शाळा सुटली की घरी निघायची. आम्ही दोघंही पावरा आदिवासी; तिचा पाडा धडगावच्या एका अंगाला, माझा दुसऱ्या. तिच्या वर्गातली पोरं डोंगरातून आलेली, मराठीला बिचकणारी, तोंड उघडायची नाहीत. म्हणून ती रोज तास सुरू करताना एक नवल सांगायची. नवल ऐकलं की पोरं विसरून प्रश्न विचारतात, म्हणायची. आणि पुढच्या आठवड्याची नवलं ती आधी माझ्या पॅसेंजरांवर करून बघायची. ज्याला मागची माणसं हसली ते पास.

सगळ्यात जास्त वाद घालायचा भाईदास. हा खाली तापीकाठचा केळीवाला, धडगावच्या बाजाराला केळी घेऊन यायचा. एकदा रिना म्हणाली की केळीचं झाड हे झाडच नाही, ते खोड म्हणजे एकावर एक गुंडाळलेली पानं. भाईदास मागून उसळलाच.

"ओ मास्तरीनबाई, मन्हा बापनी केळी लायी, मी केळी लाई ऱ्हायनू, आनि तू म्हनस ते झाडच नही शे?"

"कापून बघा ना, काका. लाकूड सापडलं तर मला सांगा."

"आते केळी बी मालेच शिकाड तू!" भाईदास कुरकुरला. पण पुढच्या बाजाराला तोच विचारत आला, "मंग, आज काय नवल शे?" ती म्हणाली, नर मधमाशीला बाप नसतो, पण आजोबा असतो. गाडीत एकच गोंधळ. "बाप नही आनि आजा शे? हाई कोनतं गणित शे?" रिनानं शांतपणे समजावलं. राणीच्या ज्या अंड्याला नराचा स्पर्श नाही त्यातून नर निघतो, म्हणून त्याला बाप नाही. पण त्याच्या आईला तर बाप होताच ना? कोंबडी घेऊन बसलेली एक म्हातारी इतकी हसली की कोंबडी निसटली आणि मला घाटात गाडी थांबवावी लागली.

मीही मग मागे राहतो काय? मोबाईलवर शोधून एक नवल आणलं. शहामृग घाबरलं की वाळूत डोकं खुपसतं. रिना म्हणाली, "खोटं आहे ते. लोक उगाच सांगतात." सगळ्यांसमोर! माझं तोंड असं उतरलं की धडगाव येईपर्यंत मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. उतरताना ती हळूच म्हणाली, "रागावलास, गोकुळ?" त्या दिवसापर्यंत मी तिचा दादा होतो. दादा गेला आणि गोकुळ आला, मग कसला राग राहतोय.

त्यानंतर मी तिला माझं स्वतःचं नवल सांगितलं, मोबाईलमधलं नाही. तोरणमाळच्या रस्त्यावर एकदा सकाळी मी अस्वलीण बघितली होती. दोन पिल्लं तिच्या पाठीवर, केसांना घट्ट धरून बसलेली, आणि ती त्यांना घेऊन दगडांवरून खाली उतरत होती. माझ्याकडे तिनं असं बघितलं की मी इंजिन बंद करून बसलो. रिनानं हे पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. पिल्लं केवढी होती? पडत नव्हती? आवाज करत होती? मला वाटलं, हिला आयुष्यभर अशी उत्तरं देत बसावं.

पुढचं सरळ झालं. माझ्या आईला, दिवलीबाईला, मी सांगायच्या आधी बाजारात कोणीतरी सांगितलं होतं. आई खुशीत होती. शिकलेली पोरगी, त्यात हसरी. माझ्या बापानं, दलसिंगनं, चार म्हातारे गोळा केले. आमच्यात आधी कूळ बघतात. एका कुळातली पोरं भाऊबहीण, त्यांचं लग्न होत नाही. म्हाताऱ्यांनी तिचं कूळ काढलं, तिच्या आईचं काढलं, आजीचं काढलं, माझंही तसंच वरपर्यंत खणून काढलं. कुठं काही अडत नव्हतं. देजाचं, म्हणजे पोरीच्या बापाला द्यायच्या पैशाचं, बोलणं रिनाच्या बापानं, इंद्रसिंगनं, ताणलंच नाही. होळी झाली की लग्न, असं ठरलं. आई त्या दिवसापासून घरात आलेल्या प्रत्येकाला सांगायची, माझ्या घरात आता पोरगी येणार.

होळीला थोडेच दिवस होते. शनिवार होता, ऊन तिरपं झालेलं. एका वळणावर ते थेट रिनाच्या तोंडावर आलं. तिनं काचेवरची उन्हाची फळी खाली ओढली, तर त्यातून माझा लायसन्सचा कागद, देवाचा फोटो आणि एक कार्ड तिच्या मांडीवर पडलं. ती तेव्हा मागच्यांना सांगत होती की जिराफाच्या एवढ्या लांब मानेत हाडं आपल्याइतकीच असतात. वाक्य अर्धं राहिलं.

"मग? कितला हाडं?" भाईदासनं विचारलं.

ती कार्ड हातात धरून होती. मी म्हणालो, "ते ना, बाजारात कॅम्प होता तेव्हाचं. बोट टोचून घेतलं की बिस्किटं देत होते. मला काही झालेलं नाही, वाहक का काय म्हणाले. कामं करा, मजा करा म्हणाले."

तिनं कार्ड परत फळीत ठेवलं आणि धडगावपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. मी दोनदा विचारलं, काय झालं. दुसऱ्यांदा जरा जोरात विचारलं.

स्टँडवर सगळे उतरले तरी ती उतरली नाही. मला म्हणाली, "गोकुळ, माझ्याकडेही असंच कार्ड आहे. तुला विचारायची भीतीच वाटायची मला."

"मग छान की! जोडी जमली," मी म्हणालो. खरंच म्हणालो असं. मला काय कळत होतं?

मग तिनं मला सांगितलं. तिला एक धाकटा भाऊ होता, दिनेश. त्याला सिकलसेल होता. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. अडकल्या की हाडांत कळा येतात, पोर तडफडतं. दिनेश सातवीत असताना वारला. हा आजार आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा येतो. ज्याला एकच अर्धा मिळाला तो माझ्यासारखा, तिच्यासारखा. धडधाकट. जीप चालवतो, नवलं सांगतो. पण दोन अर्धे एकत्र आले तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक भीती, की त्याला पूर्ण मिळेल.

"चारात एक ना? मग तीन वेळा नाही होणार," मी म्हणालो.

"तसं नसतं ते. दर वेळी नव्यानं चारात एक. पहिल्यालाही होऊ शकतो, सगळ्यांनाही होऊ शकतो."

"आणि हे आपल्यालाच का? आपण कोणाचं काय वाकडं केलंय?"

तिनं डोळे पुसले. वर्गात सांगते तशा आवाजात सांगायचा प्रयत्न केला, पण आवाज जागेवर राहत नव्हता. "जुन्या काळी आपल्या डोंगरांत मलेरियानं माणसं मरायची. ज्याच्या रक्तात हे अर्धं होतं त्याला ताप यायचा, पण तो बहुतेक वाचायचा. वाचलेल्यांची पोरं म्हणजे आपण. ज्यानं आपल्या आज्या-पणज्यांना वाचवलं त्यानंच माझा भाऊ नेला. सगळ्यात मोठं नवल हेच आहे, गोकुळ. आणि हे मी वर्गात एकदाही सांगितलेलं नाही. मला सांगताच येत नाही."

मी स्टेअरिंगवर हात आपटला. ओरडलो तिच्यावर. चार म्हाताऱ्यांनी बघितलं, काही निघालं नाही; हिला एका पुठ्ठ्याच्या तुकड्यात निघालं! म्हणालो, पळून जाऊ. आमच्यात पळून गेलेल्यांचंही नंतर पंच बसून जुळवतात. ती म्हणाली, "पळून कुठं जायचं? रक्त सोबतच येणार ना." मग मी म्हणालो, मूल नको आपल्याला. त्यावर ती माझ्याकडे मायेनं बघत राहिली. म्हणाली, "अस्वलिणीची पिल्लं सांगताना तुझा चेहरा मी बघितलाय."

आम्ही डॉक्टरांकडेही जाऊन आलो. बाई चांगल्या होत्या, घाई न करता बोलल्या. लग्नाला मनाई कोणी करू शकत नाही, म्हणाल्या. पोटातल्या बाळाची तपासणी मोठ्या शहरात होते, आजार निघाला तर काय करायचं ते आईबापांनी ठरवायचं. बाहेर आल्यावर रिना म्हणाली, "दिनेशला पोटात असतानाच तपासलं असतं, तर मी काय ठरवलं असतं? मला नाही ठरवता येत." आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून हमसून रडली. मी शेजारी उभा. लोक बघत होते. बघू देत.

निघताना ती म्हणाली, "माझ्यात नाही म्हणायचं बळ नाही. तू घरी सगळं सांग. एक शब्द लपवू नकोस. सगळं ऐकून तुझी आई ये म्हणाली, तर मी येते."

माझ्या जिवात जीव आला. कारण माझी आई नाही म्हणणं शक्यच नव्हतं! तिला सून म्हणजे रिनाच हवी होती. मी तशीच गाडी पाड्याकडे दामटली. घरी आई अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती, बाप दोर वळत होता. मी पाणी पिऊन तिथंच बसलो आणि सांगायला लागलो, अगदी हसत. असं असं एक कार्ड असतं, असा असा आजार असतो, शिकलेली माणसं घाबरतात उगाच.

आईचे हात चालूच होते. "काय होतं त्यात पोरांना?" तिनं विचारलं.

मी रिनानं सांगितलेलं सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

"बारकी असताना हातापायाचे पंजे सुजतात का?" आईनं विचारलं.

"हो. तुला कसं माहीत?"

"डोळे हळदीसारखे होतात? थंडीत जास्त ओरडतात?"

माझा बाप दोर वळायचा थांबला होता. मला एवढं ठाऊक होतं की माझ्या आधी दोन बहिणी झाल्या आणि तापानं गेल्या. त्याबद्दल घरात कोणी बोलायचं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आईनं त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दोघी अशाच गेल्या, एकीच्या पाठोपाठ एक. हात सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, थंडीत रडून रडून बेशुद्ध व्हायच्या. गावच्या जाणत्यानं दाणे टाकून बघितलं आणि सांगितलं, घराची जागा वाईट आहे, पोरं खाते. तेव्हा आमचं घर नाल्याच्या पलीकडे होतं. बापानं स्वतः सागाचे खांब आणून बांधलेलं. धाकटी गेली त्याच आठवड्यात त्यांनी ते सोडलं. खांबसुद्धा काढून आणले नाहीत, इकडे सगळं नव्यानं उभं केलं. मग मी झालो आणि जगलो. म्हणून सगळ्यांना पटलं की घरच वाईट होतं. आजही आमच्या शेळ्या तिकडे गेल्या तर आई दगड मारून परत आणते.

"म्हणजे ते घर चांगलं होतं?" आईनं बापाला विचारलं.

बाप उठला आणि नाल्याच्या बाजूला तोंड करून उभा राहिला. मोठा माणूस, उभ्या उभ्या लहान दिसायला लागला.

"धाकटीच्या वेळी सूज बघून सगळे म्हणाले, पाणी देऊ नका, सूज वाढेल," आई म्हणाली. "ती मडक्याकडे बघायची. मी मडकं घराबाहेर नेऊन ठेवलं, तिला दिसू नये म्हणून." एवढं बोलून तिनं सोललेले दाणे सुपात ओढले, पुन्हा खाली ओतले. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. तरी मला एकच प्रश्न पडला होता, इतका मी स्वार्थी.

"मग रिनाला काय सांगू?"

आई म्हणाली, "मला ती पोरगी हवी होती. म्हणून सांगते, तिला इथं आणू नको. मी बसले तसं तिला बसवू नको." आणि उठून आत जाता जाता दारात थांबली. "तिला एक विचारून ये. तिच्या भावाला कळा यायच्या तेव्हा ते लोक काय करायचे?"

पुढच्या शनिवारी रिना म्हसावदच्या स्टँडवर उभी होती. गाडीत बसली नव्हती, बाहेरच होती, पिशवी छातीशी धरून. खोटं सांगणं किती सोपं होतं! 'आई ये म्हणाली' एवढंच. ती आली असती. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य मी गिळलं.

"आई काय म्हणाली?"

"आईनं विचारलंय, तुझ्या भावाला कळा यायच्या तेव्हा तुम्ही काय करायचात."

रिना शहाणी. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. तिनं डोळे मिटले. म्हणाली, "गरम कपड्यानं शेकायचो. पाणी पाजायचो, जितकं पिईल तितकं. आणि कोणीतरी जवळ घेऊन बसायचो." मग म्हणाली, "तुमच्या घरात किती पोरं गेली?"

"दोन बहिणी."

तिनं माझ्या दंडाला हात लावला, भर स्टँडवर, सगळ्यांसमोर. मग मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जीपमध्ये जाऊन बसली. भाईदास केळीचे घड चढवत होता, त्यानं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा घड उचलला. लग्न मोडलं ते असं. भांडण नाही, पंच नाही, दोन्ही घरांत कोणी कोणाला वाईट बोललं नाही. भांडण झालं असतं तर मला राग तरी धरता आला असता.

मी घरी पोचलो तेव्हा आई वाट बघतच होती. चूल पेटलेली होती, पण तवा ठेवला नव्हता.

"विचारलंस?"

"विचारलं. गरम कपड्यानं शेकायचे, म्हणाली. आणि जवळ घेऊन बसायचे."

पाण्याचं मी सांगितलं नाही.

आईनं मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. "जवळ तर मी पण घेतलं होतं रे," ती म्हणाली. "खाली ठेवलंच नाही."

"मग बरोबर केलंस तू," मी म्हणालो.